दुसऱ्याची पात

शामकला सिस्टरला खोटं बोलता येत नव्हतं. तो काही सद्गुण नव्हता, निव्वळ उद्धटपणा होता. पेशंटला म्हणायची, "तुमी पथ्य पाळत नाई, मंग आमी का मंत्र मारू?" आमगावातल्या आमच्या लहानशा दवाखान्यात मी औषधाचं दुकान चालवायचो आणि तिची बोलणी खाल्ली नाहीत असा माझा आठवडा गेला नाही. तिरोड्याकडची, पंचेचाळिशीची, ठेंगणी बाई. चालायची मात्र अशी, की जमिनीशीच भांडण असावं.

दोन हजार एक साली बोटाला चिमटा लावायचं यंत्र आलं, तेव्हा सगळ्यात जास्त नाक हिनेच मुरडलं. डॉक्टरांनी समजावलं, चिमट्यात दोन दिवे आहेत. एक लाल, दुसरा डोळ्याला न दिसणारा, इन्फ्रारेड. दोन्ही उजेड बोटातून आरपार जातात. प्राणवायू घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त त्यांना वेगवेगळं शोषतं, त्यावरून पडद्यावर आकडा येतो. सुई नको, थेंबभर रक्त नको. शामकला म्हणाली, "म्हणजे आता आमी पेशंटकडे पाहाचं का टीव्हीकडे?" पण पुढे तेच यंत्र तिने तळहातावरच्या फोडासारखं जपलं. डॉक्टरांनी बजावलंच होतं, याची जबाबदारी तुमची, चिमट्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

दोन हजार चारच्या ऑगस्टची गोष्ट. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, ऐन भरात होती. चिखलातून उठलेली भूमेश्वरी आमच्याकडे आली, वय बावीस, न्युमोनिया. दोन दिवस ताप अंगावर काढून रोवणी केली होती. सोबत सासू सुमित्राबाई. नवरा धान सोडून येऊ शकत नव्हता, तो एक दिवसाआड सायकलने यायचा. भूमेश्वरीच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी आणि बोटाला चिमटा होता. आकडा एक्याण्णव, नाडी एकशे चोवीस. डॉक्टर म्हणाले, नव्वदच्या खाली गेला तर मला फोन करा, वेळ घालवू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर ऑपरेशनसाठी गोंदियाला गेले होते, चारला परतणार होते. तेवढ्यात बांधावर साप चावलेला एक गडी आला. शामकला त्याच्या खोलीत अडकली. तिथून दार उघडं ठेवलं की भूमेश्वरीच्या उशाकडचा यंत्राचा पडदा दिसायचा, पलंग दिसायचा नाही. मी औषधं घेऊन आत गेलो, तेव्हा गड्याची पापणी मिटत चालली होती. शामकला त्याच्याशी मोठमोठ्यांदा बोलत होती.

पलीकडे यंत्र वाजायला लागलं, आकडा घसरला की ते तसं वाजायचं. ती उठली, दोन पावलं टाकली, आणि आवाज थांबला. पडद्यावर सत्त्याण्णव होतं.

"सुधरली वो पोरगी," ती म्हणाली आणि परत गड्यापाशी बसली. मलाही बरं वाटलं. एका वेळी दोघं जाणार, अशी धास्ती मला बसली होती.

तीन-चार मिनिटं गेली असतील. तिने पुन्हा मान वळवली आणि सलाईनवरचा तिचा हात थांबला. मी पाहिलं, आकडा तोच, छान सत्त्याण्णव. तिचं लक्ष मात्र खालच्या आकड्यावर होतं. नाडी बहात्तर.

"एकशे चोवीसची बहात्तर? पाच मिनिटात?" ती म्हणाली. "दादा, याले झोपू देऊ नका." आणि ती धावली. तिला धावताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दारातून तिचा आवाज आला तो ओरडण्याचा नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "पाना आणा. सिलिंडरचा पाना."

पाना सापवाल्याच्याच खोलीत होता. गड्याच्या भावाला त्याला हलवत बस म्हणून सांगितलं आणि मी पाना घेऊन गेलो. भूमेश्वरीचे ओठ जांभळासारखे झाले होते. सिलिंडरचा काटा शून्यावर टेकला होता, कधीचा कोण जाणे. आणि पलंगाच्या कडेला सुमित्राबाई ताठ बसलेली, स्वतःचा हात मांडीवर जपून धरलेला. चिमटा तिच्या बोटाला होता.

कोपऱ्यातला भरलेला सिलिंडर आम्ही दोघांनी ओढत आणला. पाना एकदा घसरला, दुसऱ्यांदा घसरला. माझे हात घामाने ओले झाले होते. शामकलाने तो माझ्याकडून हिसकला आणि पदराने धरून फिरवला. हवा सुटल्याचा आवाज आला. मग तिने म्हातारीच्या बोटाचा चिमटा काढून सुनेच्या बोटाला लावला.

एकाहत्तर.

मी आयुष्यात पुष्कळ आकडे पाहिले, पण तसा आकडा पाहिला नाही. शामकलाने भूमेश्वरीला उठवून बसतं धरलं आणि कानाशी बोलत राहिली, "घे श्वास, घे, अजून घे." चौऱ्याहत्तर. पुन्हा बहात्तर. मी मनात देवाला नाही नाही ते बोलून घेतलं. अठ्ठ्याहत्तर. पंच्याऐंशी. नव्वद व्हायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. सापवाला गडीही जागा होता, त्याच्या भावाने त्याला चापट्या मारमारून जागा ठेवला होता.

मग शामकला सुमित्राबाईकडे वळली. आता म्हातारीचं काही खरं नाही, असं मला वाटलं.

"मावशी, काऊन लावला?"

 सुमित्राबाई म्हणाली, "ते वाजून राहिलं होतं बाई. पोरगी दचकून राहिली होती. मले वाटलं, थकली ते. रोवणीत बाई थकली, का तिची पात दुसरी धरते. तिले झोपू द्यावं, तिची पात मी धरतो. मी लावलं तं ते चूप झालं."

आमच्याकडे असंच आहे. बांधीत एखादी वाकल्या वाकल्या बसली, तर शेजारची न बोलता तिची पात, म्हणजे लावणीची ओळ, पुढे नेते. मालकाला कळतही नाही. शामकलाने स्वतः लहानपणी रोवणी केली होती. तिने म्हातारीचा हात सुनेच्या दुसऱ्या हातावर ठेवला. "हा धरा. थंडा पडला, का मले हाक मारा. हे तुमचं काम."

चारला डॉक्टर आले. कागदावर दोनच्या सुमाराला एकाहत्तर लिहिलेलं पाहून त्यांचा चेहरा उतरला. "सत्त्याण्णव दिसत होतं म्हणता, मग हे कसं? चिमटा कोणी काढला?"

सुमित्राबाई उभी राहिली. ती तोंड उघडणार, इतक्यात शामकला बोलली, "मी काढला, साहेब. माह्या बोटाले लावून पाहिला आणि वापस लावाचा राहून गेला."

डॉक्टर तिला सगळ्यांदेखत जे बोलले ते मी लिहीत नाही. वॉर्ड तिच्याकडून काढून तिला इंजेक्शनच्या खोलीत बसवलं. पंधरा वर्षांची नोकरी होती तिची. मला राहवेना, मी पुढे झालो, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने मागे सरलो.

डॉक्टर गेल्यावर सुमित्राबाई शामकलाकडे वळली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण सुनेचा हात तिने सोडला नव्हता, तिथूनच वाकून म्हणाली, "काऊन असं केलं, बाई?"

शामकला चादरीची घडी करत होती. घडी पुरी केली, पायथ्याशी ठेवली.

"पात धरता येते मले बी," ती म्हणाली, आणि नव्या सिलिंडरचा काटा पाहायला वाकली.