विमलबाईंची जबानी

कासू गावच्या विमलबाईंनी जवळच्या पेणला त्र्यंबक आठल्यांच्या छापखान्यात अकरा वर्षं औषधांची खोकी चिकटवली. खोकी रोह्याच्या एका कारखान्याची. जाड कागदावर निळी-लाल छपाई व्हायची, मशीन तो कापून घड्या पाडून द्यायचं आणि विमलबाई धरून सहा बायका कडेला खळ लावायच्या.

१९८२ साली एक्साइजचे, म्हणजे कारखान्यातल्या मालावर कर घेणाऱ्या खात्याचे, इन्स्पेक्टर आले. छपाईच्या मालाला कर माफ होता, कागदी खोक्यांना नव्हता. आठल्ये म्हणाले, "मी छापखानेवाला. पत्रिका छापतो तसंच हे छापतो."

"पत्रिकेत औषध भरत नाहीत," इन्स्पेक्टर म्हणाले.

मॅनेजर कमळाकरने बायकांना आधीच पढवून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर छपाईचं काम करतो म्हणायचं. इन्स्पेक्टरांनी नेमकं विमलबाईंनाच विचारलं. त्यांनी मालकांकडे पाहिलं.

"आहे ते सांगा," आठल्ये म्हणाले.

"खोकी चिकटवतो, सायेब. छपाई तिकडं व्हते. आमी फक्त खळ लावतो."

तसं लिहून घेतलं गेलं, खाली विमलबाईंनी सही केली. साहेब गेल्यावर कमळाकर तडकला, पण आठल्यांनी त्याला थांबवलं. "त्या खोटं बोलल्या असत्या तर मी कुठल्या तोंडाने भांडणार होतो?"

खोकी इथेच चिकटवतात, म्हणजे हा खोक्यांचाच माल, असं म्हणून खात्याचा निकाल आठल्यांच्या विरुद्ध गेला. आठल्यांनी अपील केलं. पण तोवर काय करायचं? वकील म्हणाले, सपाट छापील कागदच रोह्याला पाठवा, चिकटवणं कारखान्याला करू द्या, वादच नको. आठल्यांनी महिनाभर चालढकल केली. मग चिकटवण्याचं काम बंद होणार हे बायकांना स्वतःच सांगितलं.

"माज्या बोलन्यानं झालं का हो?" विमलबाईंनी विचारलं.

"नाही. नियमामुळे झालं," ते म्हणाले. पण विमलबाईंना ते पटलं नाही, आणि त्यांना पटलं नाही हे आठल्यांना कळलं.

आठल्यांनी रोह्याच्या कारखान्यात शब्द टाकला. तिथे दोघींचीच सोय झाली, विमलबाई आणि हौसा. बाकीच्या चौघी शेतावर परतल्या. त्यातली ठमाबाई शेजारचीच. वर्षभर ती विमलबाईंशी धड बोलली नाही. विमलबाईंनीही तिला समजावायला जाणं टाळलं. काय समजावणार होत्या?

अपील मुंबईला चार वर्षं चाललं. निकालात विमलबाईंची जबानीच आठल्यांच्या बाजूने धरली होती. बाई स्वतः सांगतात की त्या फक्त खळ लावतात. खोक्याला जे मोल आहे ते छपाईचं, म्हणून हा छपाईचाच माल.

आठल्ये निकालाचा कागद घेऊन कासूला गेले. विमलबाई अंगणात वाल निवडत होत्या. त्यांनी तो भाग वाचून दाखवायला लावला.

"तवा याच बोलन्यानं हरलो ना?" त्या म्हणाल्या.

"हो. शब्द तेच आहेत."

मग आठल्यांनी विचारलं, "परत येताय? काम पुन्हा सुरू करतोय."

"नाय मालक. रोह्याला सोळा पोरी हायत माज्या हाताखाली. त्यांना कुनाच्या भरवशावर टाकू?" आणि पुढे म्हणाल्या, "पन ठमीला इचारा. मी सांगितलं असं म्हनू नका."

ठमाबाई आणखी दोघींना घेऊन पुढच्याच सोमवारी पेणला कामावर आली. चौथीचं लग्न होऊन ती लांब गेली होती.