आज जमत न्हाई

लातूरच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर तो भाड्यानं राहतो. त्याच्या न्हाणीतलं पाणी खाली आईच्या खोलीत झिरपायचं. प्लंबर घेऊन गेलो, की तो कडीवर हात ठेवून दारातच उभा राहायचा आणि गोड हसायचा. "आज जमत न्हाई मालक, पाहुणे हायेत." कधी पूजा असायची, कधी बायकोचं डोकं दुखायचं.

परवा छताच्या प्लास्टरचा मोठा तुकडा आईच्या अंथरुणावर कोसळला. ती नुकतीच उठली होती म्हणून वाचली. आवाज ऐकून तो खाली आला आणि वर बघत म्हणाला, "घर लई जुनं हाय तुमचं."

त्याच्या थोबाडीत द्यायला उठलेला हात मी कसाबसा आवरला. गच्चीवर जाऊन त्याच्या पाण्याचा कॉक बंद केला. तासाभरात तो स्वतःच आला. "प्लंबरला पाठवा की मालक, कवापासून वाट बघायलोय!"