आधी बुधीमावशीची जीभ

कडू कंद शिजला, की बुधीमावशी पहिला काप स्वतः खायची आणि पाय पसरून उंबऱ्यात बसून राहायची. समोर वाडीतली पोरं ताटल्या धरून. कुणी हात पुढे केला, की फटका बसायचा. "दम धर. आदी माजी जीभ, मंग तुमचं प्वाट." बऱ्याच वेळाने तोंड पुसून म्हणायची, "खा आता."

रिह्याच्या खोऱ्यात ओढ्याकाठी कातकऱ्यांची वाडी आहे, तिथली ही बाई. मी वाडीतली अंगणवाडी चालवते. हा कंद तसाच खाल्ला तर घसा खाजतो, ओकाऱ्या होतात. म्हणून मावशी काप करून राखेच्या पाण्यात उकडायची आणि टोपलीत घालून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायची. तरीही रानातलं काहीही शिजलं, की पहिला घास तिचाच. वाडीचा रिवाजच होता तो. मी एकदा विचारलं, "मावशी, तुलाच काही झालं तर?"

"मला झालं तर पोरं वाचली न्हाईत का? काय येड्यावानी इचारती गं बाई."

मी फटकळ, ती माझ्याहून फटकळ, त्यामुळे आमचं जमलं. माझी खिचडी चाखून म्हणायची, "हिच्यात मीठ हाय. बाकी काय हाय?" राग यायचा मला. पण वाडीतली पोरं वजनाला बरी भरायची ती तिच्या खेकड्याच्या कालवणावर आणि कुर्डूच्या रानभाजीवर, माझ्या खिचडीवर नव्हे.

पुढे गावात खुरपणीला माणूस मिळेना. तरणी पोरं हिंजवडीला कंपनीच्या गाड्यांवर. मग जो तो भाताच्या बांधावर गवत मारायचं औषध फवारू लागला. एका पावसाळ्यात मावशीने बांधावरची कोवळी कुर्डू खुडून आणली. आदल्या संध्याकाळीच तिथे फवारणी झालेली, पाला अजून हिरवागार. तिने भाजी केली, पहिला घास घेतला, नेहमीसारखी बसून राहिली. जिभेला काही लागलं नाही. "खा आता," म्हणाली.

पोरं ओकून ओकून आडवी झाली. तिची नात चिमी सगळ्यांत जास्त. जीप करून दवाखान्यात नेली, वाचली सगळी. मावशीच्याही पोटात आग होती, पण तिने ते बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाली, "कडू असतं तर जीभ बोलली असती. ह्ये कडू न्हाई, खाजरं न्हाई. मी वळकू कसं?"

गावात आमचीही भातशेती, मी माझ्या दिरांच्या मागे लागले, ओढ्याकडचा एक बांध तरी न फवारता सोडा. भला माणूस, त्यांनी सोडला. वर्षभरात ती जमीनच विकली गेली. आता तिथे तारेचं कुंपण आहे आणि आत बंगल्याची हिरवळ. तिथला माळीही फवारतो. त्याला सांगायला गेले तर "साहब से पूछो" म्हणाला. साहेब काही कधी दिसला नाही. पाणी त्या हिरवळीवरून ओढ्यात उतरतं. खेकडे उलटे पडलेले सापडू लागले. कंदाची टोपली ठेवायला जागा राहिली नाही.

मावशीने पुन्हा कुणाला काही चाखून दिलं नाही. रेशनचा भात आणि चटणी खायची. पोरं दुकानातल्या वेफरच्या पुड्या फोडायची, ती बघत बसायची.

यंदाच्या थंडीत तिने अंथरूण धरलं. मी लांबच्या डोंगरातून कंद आणवला, घरी उकडला, पुन्हा पुन्हा पाणी बदलून धुतला आणि घेऊन गेले. तिने काप हातात घेतला, नाकाशी धरला. डोळे भरले तिचे. मग दाराकडे पाहिलं. दारात चिमी उभी होती.

काप माझ्या हातात परत देत म्हणाली, "नगं. मी खाल्ला, तर ती बी खाईल."

त्याच आठवड्यात ती गेली.

आता अंगणवाडीत खिचडी वाढली, तरी चिमी ताटलीला हात लावत नाही. तिच्याकडे बघून बाकीचीही थांबतात. मी पहिला घास घेते आणि गप्प बसून राहते. मला मिठाशिवाय काही कळत नाही. मग मी म्हणते, "खा आता."