ओळंब्याचा खांब

घरातल्या थोरल्या सुनेला सगळे ओळंबा म्हणत. भिंतीवरची तसबीर जरा तिरकी दिसली तरी तिच्या घशाखाली घास उतरत नसे. नवरा गेल्यावर ट्रॅक्टरचं स्टिअरिंग तिनेच धरलं, आणि तेच धाकट्या दिराच्या डोळ्यांत खुपत होतं.

वाफ्यांच्या मातीत ठिबकच्या नळ्या पुरलेल्या. तण काढणाऱ्या कोळप्याचं पातं चार बोटं सरकलं की नळी फाटलीच. ट्रॅक्टर जीपीएसच्या आधाराने ओळ धरायचा, पण नुसता जीपीएस दोन-चार पावलं चुकतो. ती चूक सुधारणारा संदेश वेगळा घ्यावा लागतो. तो कुठून घ्यायचा, यावरून घरात दोन चुली व्हायची वेळ आली.

"सगळं गाव मोबाइलवरून घेतंय," दीर म्हणाला.

"गावाची शेतं उंचावर आहेत. आपल्या खोलगटात तुम्हाला जेवायला बोलवायचं तर मला बांधावरून ओरडावं लागतं."

"मग उपग्रहावरचा घ्या."

"तो आज ओळ इथे दाखवतो, पुढच्या महिन्यात चार बोटं तिकडे. नळ्या काय त्याच्या मागे चालत जाणार आहेत?"

तिने अंगणात लोखंडी खांब ठोकून त्यावर स्वतःचा अँटेना बसवला. ट्रॅक्टरला तोच सांगणार, तू नेमका कुठे आहेस ते.

"एक नळी जरी फाटली, तर ट्रॅक्टरची किल्ली माझी," दीर म्हणाला.

"कबूल."

त्या खांबाच्या आधाराने पेरणी बिनचूक झाली. कोळपणीला मात्र पहिल्याच ओळीत पाणी उसळलं.

"वा, वहिनी! कारंजं तेवढं राहिलं होतं!"

ट्रॅक्टरच्या पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. ती ट्रॅक्टर तिथेच सोडून तडक अंगणात आली. सासूबाईंनी खांबाला दोरी बांधून ओल्या चादरी वाळत घातल्या होत्या. खांब म्हाताऱ्यासारखा वाकला होता. तो सरकला, म्हणून ट्रॅक्टरच्या हिशोबातली प्रत्येक ओळ सरकली होती.

"मला वाटलं, रिकामाच उभा आहे," सासूबाई पुटपुटल्या.

मागून आलेल्या दिराने हात पुढे केला. "किल्ली."

तिने किल्ली मुठीत आवळली. "नाही देणार."

"शब्द दिला होता तुम्ही!"

"दिला होता. आज मोडते. जा, गावभर सांगा."

"तुम्ही? ओळंबा?"

"हो, मीच. नळी चादरींनी फाडली. तिच्यापायी शेत तुमच्या फोनच्या भरवशावर सोडणार नाही."

सासूबाईंनी दोरी सोडली आणि खांबाला खांदा दिला. सुनेने वरून खरा, गवंड्याचा ओळंबा सोडला, खांब सरळ केला, बुडाशी काँक्रीट ओतलं. ते सुकेपर्यंत सासूबाई तिथेच खुर्ची टाकून बसल्या. कोंबडी जरी जवळ आली तरी हाकलत होत्या.

पुढची कोळपणी कोरडी गेली. दिराने मात्र गावात सांगायचं ते सांगितलंच. थोरली शब्दाची वाकडी, असं लोक तिच्या तोंडावर म्हणू लागले.

"आहेच मी वाकडी," ती ट्रॅक्टरवरून म्हणायची. "आलाच आहात, तर ओळी बघून जा."