रिकाम्या कॅनवरचा नाच

"चपला काढा आधी. पायानं ऐकायचं हाय."

नाटक बघायला कोणीही आलं की काका हेच म्हणायचे. सरपंच असोत, शाळेचे गुरुजी असोत, नाहीतर आईच्या कडेवरचं पोर असो. पोराला चपलाच नसायच्या. मग ते त्याच्या तळव्यावर हळूच चापट मारायचे आणि म्हणायचे, "हां, हे तयारीतच आलंय."

सिरसाळ्याच्या पुढच्या एका गावात, बंद पडलेल्या दूध सोसायटीत, काका कॅन धुवायला होते. लागोपाठ दोन वर्षं पाऊस नाही, चारा नाही, म्हणून जनावरं विकली गेली आणि दूध आटलं. सोसायटीला कुलूप लागलं, ते लावायला काकाच राहिले. गाव त्यांना चेअरमन म्हणायचं. "काय चेअरमन, आज फॅट किती?" असं पारावरून कोणी ओरडलं की ते न थांबता उत्तर द्यायचे, "तुझ्यात न्हाई तेवढी."

मी तिथे एका संस्थेतर्फे गेले होते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी ही संस्था नाटक आणि नाच शिकवायची. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून मला इंग्रजीत अहवाल लिहायचं काम दिलं होतं. मलाही ते बरं वाटलं, कारण लिहिताना बोलावं लागत नाही. मी भिंतीला टेकून वही भरायचे. शिकवणारा माणूस शहरातून पंधरा दिवसांनी एकदा यायचा. उरलेले दिवस मुलं चेअरमनच्या ताब्यात.

त्यांनी सोसायटीचे वीस रिकामे कॅन ओळीने उभे केले, त्यांवर जुन्या दारांच्या फळ्या टाकल्या. झालं स्टेज. स्वतः कडेला उकिडवे बसायचे आणि फळीवर लाकडी दांडक्याने ताल धरायचे. खालचे कॅन घुमायचे. तो घुमारा तळव्यांतून पोटऱ्यांत, पोटऱ्यांतून गुडघ्यांत चढायचा. पहिल्यांदा त्यांनी मला डोळे मिटून तिथे उभं केलं तेव्हा मी घाबरून खाली उतरले होते. कोणीतरी विचारल्याशिवाय आपल्या आत आल्यासारखं वाटलं होतं.

मुलांचं नाटकही ते दुधासारखंच तपासायचे. एखादा खोटं रडायला लागला की दांडकं थांबायचं. "पाणी घातलंय ह्यात. परत रड."

हे स्टेज त्यांनी बांधलं होतं मुळात सीमासाठी. सीमा दहा वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. दर दसऱ्यानंतर आईबापासोबत उसाच्या फडात जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. शाळेच्या पटावर तिचं नाव होतं, एवढीच तिची शाळा. काका तिच्याशी सारखं बोलायचे. एकदा मी धीर करून म्हटलं, "काका, तिला ऐकू येत नाही."

"मला येतंय की," ते म्हणाले. "एकाला आलं तरी बास हाय."

तिच्यासाठी त्यांनी एक नाच बसवला. कळपातून चुकलेल्या वासराचा. तीन पावलं धावायचं, थबकायचं, मान वळवून मागे बघायचं, मग एक पाय आपटून पुन्हा तीन पावलं. ऐकायला साधं वाटतं, पण ती मान वळवायची तेव्हा आम्हीसुद्धा मागे बघायचो. ताल तिचा कधीच चुकला नाही. तो नाच त्यांनी दुसऱ्या कोणाला शिकवला नाही. "त्यो तिचा हाय," म्हणायचे.

तोडीला निघायचे दिवस जवळ आले तसे काका सीमाच्या बापाकडे गेले. मीही बरोबर होते.

"पोरगी तुझ्या म्हातारीपाशी ठेव. अंबाजोगाईला बहिऱ्या लेकरांची शाळा हाय, मी घालतो तिला."

"तिला काय कळतंय, चेअरमन? तिकडं भाकरी तरी थापती."

"तू येऊन बघ. मंगळवारी खेळ हाय आमचा. कळतंय का न्हाई ते बघ, मग बोल."

बाप बराच वेळ तंबाखू मळत राहिला. "बरं," म्हणाला. "कळतंय असं दिसलं तर ठेवतो." बुधवारी त्यांचा ट्रक निघणार होता.

मंगळवारी दुपारी काका शिंप्याकडून मुलांचे कपडे आणायला सिरसाळ्याला गेले. किल्ली माझ्याकडे होती. तेवढ्यात टँकर आला. चार दिवसांनी आला होता. बायका धावल्या, घागरी भरल्या, हंडे भरले, पिंप भरलं, तरी टँकरमध्ये पाणी उरलं. ड्रायव्हर थांबायला तयार नव्हता.

"ताई, त्ये कॅन द्या की," दोघी-तिघी दारात आल्या. "भरून हितंच ठिवतो. तुमचं स्टेज हाय तसं ऱ्हाईल."

मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर मला ते शहाणपणाचं वाटलं. पाणीही राहील, स्टेजही राहील. कॅन भरले, झाकणं लावली, वर फळ्या पुन्हा नीट टाकल्या. उलट आता स्टेज हलत नव्हतं, याचा मला आनंद झाला.

संध्याकाळी उजेड होता तेव्हाच माणसं जमली. सीमाचा बाप पुढे बसला होता. काका घाईने आले, बसले आणि दांडकं मारलं.

धप्प.

त्यांनी पुन्हा मारलं. मग वाकून फळीच्या फटीतून आत बघितलं. फळी सरकवून एका कॅनचं झाकण उचललं. मी सांगितलं टँकर आल्याचं. गावात एकही भांडं रिकामं नव्हतं, ते पाणी ओतायचं म्हणजे मातीतच ओतायचं. बायका समोरच बसल्या होत्या. काकांनी झाकण परत लावलं, हाताने दाबून बसवलं, फळी जागेवर ओढली.

मग ते फळीवर जीव खाऊन मारत राहिले. सीमा मध्ये उभी. तिने आपल्या पायांकडे बघितलं, मग काकांच्या हाताकडे. हात बघून निघाली, पण वळली की हात दिसेना. चुकली. थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मागून कोणीतरी हसलं.

बाप उठला. रागाने नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बघितलं, चेअरमन."

बुधवारी ट्रक गेला.

मी काकांची माफी मागायला गेले तेव्हा ते फळ्या उचलत होते. "तुमची चूक न्हाई, ताई," म्हणाले. "मीबी दिलं असतं पाणी." त्यांनी मला बोल लावला असता तर मी कधीच विसरले असते.

महिन्याने अंबाजोगाईच्या शाळेचं पत्र आलं. मुलीला घेऊन या, जागा आहे. काकांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, बनियनच्या खिशात ठेवलं आणि दांडकं काखेत मारून एस.टी.त बसले. "पत्र दाखवून आणतो पोरीला. जय भीम, ताई. किल्ली संभाळा."

ते फडावर पोचले तेव्हा मुकादमाने ती टोळी दुसऱ्या कारखान्याला हलवली होती. हे त्यांनीच फोनवर सांगितलं. मग तिथूनही टोळी पुढे गेलेली. दहा-बारा दिवस फोन लागला, नंतर बंद झाला. त्यांच्या पुतण्याने ठाण्यात ते हरवल्याची खबर दिली. पण गावात बातम्या येत राहिल्या. कोणाच्या बहिणीला ते सांगलीकडे दिसले होते, कोणाला कर्नाटकात. म्हातारा तोडकऱ्यांच्या झोपड्यांपाशी, कोप्यांपाशी येतो, म्हणे. रिकाम्या बैलगाडीत पोरांना उभं करतो आणि गाडीच्या साटीवर, खालच्या फळ्यांवर, दांडकं मारतो. एका मुलीबद्दल विचारतो आणि सकाळी निघून जातो.

माघानंतर बातम्याही थांबल्या.

उन्हाळ्यात टोळ्या परतल्या. मी सीमाच्या आईला तीनदा विचारलं. ते त्यांच्याकडे आलेच नव्हते. "कशापायी येतील?" ती म्हणाली. मी पत्राचं सांगितलं. ती खाली बसली. बाप दारात उभा होता, तो आत निघून गेला.

सीमाला मात्र हे कसं सांगायचं ते कोणालाच कळेना. मला तिच्या खुणा येत नव्हत्या, आणि या गोष्टीला खूण तरी काय करणार? ती दोन दिवस काकांना शोधत माझ्या मागे फिरली. तिसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात वेगवेगळ्या टोळ्यांतून परतलेली मुलं खेळत होती. त्यांतली चार-पाच जणं आपापली नाचत होती. तीन पावलं धावली, थबकली, मान वळवून मागे बघितलं, एक पाय आपटला.

सीमा थांबली. तिने त्यांच्या पायांकडे खूप वेळ बघितलं. मग धावत जाऊन एका लहान मुलीचा हात धरला आणि दुसरा हात हवेत फिरवला. कुठे?

त्या मुलीला कळलं. तिने सूर्य मावळतो तिकडे बोट केलं. शेजारच्या मुलाने मान हलवली आणि दक्षिणेकडे दाखवलं. तिसऱ्याने आणखी कुठे. सगळी मुलं हात लांबवून उभी होती, प्रत्येकाचं बोट वेगळ्या दिशेला, आणि सीमा मध्ये उभी राहून एकेका बोटामागे वळत होती.