आईच्या हातचा चाकवत

माझे संपूर्ण नाव नारायण सखाराम ढगे. वय वर्षे शहात्तर पूर्ण. गाव आमचे झरीच्या अलीकडे, तालुका व जिल्हा परभणी. शालेय शिक्षण चौथीपर्यंत झाले. त्यापुढचे सर्व शिक्षण मी स्वतः, स्वतःच्या दिव्याखाली, स्वतःच्या डोळ्यांनी घेतले आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण जी फजिती आता तुम्ही ऐकणार आहात ती अडाणी माणसाची नव्हे. अडाणी माणसाच्या हातून एवढी मोठी फजिती होऊच शकत नाही. तिला वाचन लागते.

चहा घ्या. निवेल.

तर, मी ज्यांचा अभिमान बाळगावा अशा दोन गोष्टी माझ्यापाशी होत्या. एक माझी शपथ आणि दुसरी माझी जीभ.

शपथेचे असे झाले. आमच्या शाळेमागे गुरुजींनी पालकाचा वाफा केला होता. पाणी घालणे विद्यार्थ्यांकडे व भाजी खाणे गुरुजींकडे, अशी कामाची रीतसर वाटणी होती. माझी पाळी आली त्या दिवशी मी मन लावून पाणी घातले. इतके, की पालक तरंगू लागला. गुरुजींनी छडीने माझे दोन्ही तळवे पालकाहून मऊ केले. मी घरी आलो, भाकरीवर हात ठेवला आणि आईसमोर शपथ वाहिली की या जन्मी पालकाला तोंड लावणार नाही. वय होते आठ. त्या वयात मुले शपथा घेतात व संध्याकाळपर्यंत विसरतात. मी विसरलो नाही. माणसाचा शब्द म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळले होते.

आता जिभेचे. त्या शपथेनंतर आई मला चाकवताची पातळ भाजी करून घालू लागली. आंबट ताक, डाळीचे पीठ, मूठभर शेंगदाणे आणि वरून लसणाची फोडणी. ज्वारीची भाकरी तिच्यात कुस्करावी आणि पातेले पुसून खावे. चाकवत तुम्हाला ठाऊकच असेल. गव्हा-हरभऱ्यात आपोआप उगवतो. गावातल्या इतर बायका तो केवळ हिवाळ्यात करीत. माझी आई आषाढातही करी, चैत्रातही करी. सुगरण म्हणतात ती अशी.

पुढे आई गेली. माझे लग्न त्यानंतर झाले. आमच्या सौभाग्यवती कौसाबाई या चुडाव्याच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी माहेराहून पालकाचे बी पदराच्या गाठीत बांधून आणले आणि आमच्या विहिरीजवळ हौसेने वाफा केला. दोन-दोन पाने वर आली तेव्हा माझ्या ते लक्षात आले. मी त्यांना शपथेमागचे तत्त्व समजावून सांगितले. तत्त्व मोठे असल्याने दुपार गेली. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने वाफा मोडला. ती जागा मग मोडके पाइप ठेवण्याच्या उपयोगी पडली. त्या दिवसापासून आमच्या उंबऱ्याच्या आत पालकाचे एक पानही आले नाही, आणि ही गोष्ट मी कित्येकांना उदाहरण म्हणून सांगत असे.

चाकवत मात्र कौसाबाई दर हिवाळ्यात करीत. मीही दर हिवाळ्यात पहिला घास घेऊन म्हणत असे, “चांगला आहे. परंतु आईच्या हातचा नाही.”

“आत्याबाई काय सोनं किसून घालायच्या का त्यात?” त्या विचारीत. आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, माझी आई.

“जीभ खोटे बोलत नाही, कौसाबाई.”

“जीभ न्हाई बोलत. जिभेचा मालक बोलतो.”

असा आमचा संसार सुखाचा चालला होता.

गेल्या हिवाळ्यात नातवाचे लग्न झाले. नातसून रोहिणी परभणी शहरातली. मुलगी गुणी, शिकलेली, आणि मुख्य म्हणजे माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारी. तिला येऊन जेमतेम पंधरवडा झाला असेल. कौसाबाई शेजारी बारशाला गेल्या होत्या व स्वयंपाक रोहिणीने केला होता. तिने ताट वाढले. वाटीत हिरवी पातळ भाजी होती. मी भाकरी कुस्करली, घास घेतला आणि माझा हात जागच्या जागी थांबला.

तीच चव. ते ताक, तो लसूण, मागून येणारा तो गोडसरपणा. मी आठ वर्षांचा झालो, ओसरीवर बसलो, आणि आई समोर भाकरी थापीत होती. अशा प्रसंगी माणसाने काय करावे? मी डोळे पुसले आणि पुन्हा वाटी पुढे केली.

“आजोबा, तिखट झालं का?” रोहिणी घाबरली.

“बोलू नकोस, रोहिणी.”

“न्हाई, मी म्हनलं ही भाजी...”

“हिला भाजी म्हणू नकोस. ही माझी आई आहे.”

“आजोबा, पण मी सांगायलेय काय, की ही चाक...”

“चाकवत आहे हे मला सांगावे लागत नाही. विनय हा गुण आहे, तथापि आता त्याची गरज नाही.”

तिने आणखी एकदा तोंड उघडले. मी हात वर करून ते बंद केले. तिला बोलण्याची संधी मी शेवटपर्यंत दिली नाही. वाचन लागते म्हणालो, ते यासाठी.

तेवढ्यात कौसाबाई बारशाच्या घुगऱ्या घेऊन परतल्या. उंबऱ्यातच थबकल्या. नाक किंचित वर केले. मग पातेल्याजवळ जाऊन आत पाहिले, रोहिणीकडे पाहिले. रोहिणीने जमिनीकडे पाहिले. कौसाबाईंनी बोटावर थोडी भाजी घेऊन चाखली. पुन्हा घेतली. तिसऱ्या वेळी त्यांनी वाटीच घेतली आणि डोळे मिटून खाल्ली. मला वाटले, बाईने हार मानली.

“काय म्हनलाव तुमी ह्याला?” त्यांनी विचारले.

“आईच्या हातचा चाकवत. जन्मभर सांगत होतो तो हा.”

“नक्की?”

“माझ्या जिभेवर शंका?”

“न्हाई बाई. मी कोन शंका घेनारी?” त्यांनी वाटी बोटाने पुसून घेतली. “पण आपलं भांडन लय जुनं हाय. ते असं घरच्या घरी मिटवू नका. चारठान्याच्या अक्काला बोलवा. आत्याबाईच्या हातचं खाल्लेलं आता दुसरं कोन राहिलंय?”

गयाअक्का म्हणजे माझी थोरली बहीण. चारठाण्याला दिलेली. ऐंशीच्या पुढची आहे. दात गेले, परंतु स्मरण शाबूत. सूचना मला इतकी रास्त वाटली, की ती कौसाबाईंना कशी सुचली याचे मी कौतुकच केले.

“आन ऐका,” त्या म्हणाल्या. “अक्का म्हनली की हा आत्याबाईचा चाकवत हाय, तर माझ्या हाताला चव न्हाई असं मी चारचौघांत कबूल करंन. आन न्हाई म्हनली, तर विहिरीजवळची ती पाइपाची जागा माझी. तिथं काय लावायचं ते मी ठरवीन.”

“दिली,” मी म्हणालो. दानाच्या बाबतीत माझा हात सढळ आहे, विशेषतः जे जाणार नाही ते देताना.

चारचौघे म्हटल्यावर चारचौघे हवेत. मी आमच्या वाचनालयातली मंडळी रविवारी जेवायला बोलावली. त्यांत आसाराम होता. हा पूर्वी एसटी चालवीत असे. भला माणूस, फक्त मध्येच प्रश्न विचारण्याची खोड आहे. आता तुम्ही म्हणाल, घरगुती गोष्टीला एवढी माणसे कशाला? अहो, सत्य सिद्ध होणार असेल तर ते पाहायला कोणी नको का?

रविवारी सकाळी मी ओसरीवर भाषणाची मनात उजळणी करीत होतो. आतून रोहिणीचा दबका आवाज आला.

“आज्जी, मला भ्याव वाटायलंय. मी दुसरं काही करू का?”

“अजिबात न्हाई. त्या दिशी केली तशीच कर. एक पान बदलायचं न्हाई.”

प्रतिपक्षाने पुराव्याला हात लावू नये, एवढी न्यायबुद्धी आमच्या घरातल्या बाईत आहे, याचा मला अभिमान वाटला.

मंडळी जमली. अक्का मुलाच्या जीपमधून आली, तिला खांबाला टेकून बसवले. पाने वाढली जात असताना मी उभा राहिलो. विषय होता, ‘चाकवत व पालक यांतील मूलभूत भेद’.

“मंडळी,” मी म्हणालो, “पालक ही आश्रित भाजी आहे. पाणी घाला, ती बाराही महिने येते. तिला ना ऋतू, ना मान. चाकवत हा मानी आहे. त्याला कोणी पेरीत नाही. तो आपल्या वेळेला, हिवाळ्यातच येतो. इतर ऋतूत तुम्ही त्याच्या कितीही विनवण्या करा, तो आमच्या शिवारात उगवणार नाही.”

“नाना,” आसाराम म्हणाला, “मग तुमच्या आई आषाढात कुठून आनायच्या?”

“आसाराम, प्रश्न शेवटी.”

“न्हाई, तुमीच मागं सांगितलं होतं, म्हनून इच्यारलं.”

“शेवटी.”

अक्काने भाकरी कुस्करली, भाजी ओतून घेतली, कालवली आणि घास तोंडात घोळवला. रोहिणी दाराआड उभी होती. कौसाबाई मात्र परडी मांडीवर घेऊन लसूण सोलीत बसल्या होत्या, जणू निकाल शेजारच्या घरचा आहे.

“नाऱ्या,” अक्का म्हणाली. या जगात मला नाऱ्या म्हणणारी ती एकच व्यक्ती उरली आहे.

“बोल, अक्का.”

“आयच्या हातची हाय बघ. जशीच्या तशी.”

मी मंडळींकडे पाहिले. मग कौसाबाईंकडे पाहिले. जिंकलेल्या माणसाने हरलेल्याकडे पाहावे तसे, म्हणजे दयेने पाहिले.

“पन तू,” अक्काने दुसरा घास कालवला, “पालक कवापासून खायलास?”

आसारामचा घास ताटात परत गेला.

“अक्का, हा चाकवत आहे,” मी म्हणालो.

“गप रे. पानं मी खुडायची आन मला कळंना का? आपल्या मळ्यात पाटाच्या कडंला पालक असायची. तू मारली शपथ, आन त्याच रातीला घरात दुसरी भाजी न्हाई. आय म्हनली, गये, नाऱ्याला सांगू नको, पोरगं उपाशी झोपंल. ताक घालून पातळ करू आन चाकवत म्हनून वाढू. तू पातेलं पुसून खाल्लंस. मग काय, रोजचंच झालं.”

“आषाढातही?”

“आषाढात चाकवत कुठं असतोय, येड्या?”

आसारामने हळूच बोट वर केले. “नाना, आता शेवट झाला का? इच्यारू?”

“उत्तर मिळाले आहे,” मी म्हणालो.

मग मंडळी जी हसली, त्याचे वर्णन मी करणार नाही. दाराआडून रोहिणीही हसली; बाजारातून पालक आणला तेव्हा तिला माझ्या शपथेचा पत्ताही नव्हता. माझे बोलणे तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले होते, म्हणून तिला तो अधिकार होता. मी मात्र उभाच होतो आणि मनात हिशेब जुळवीत होतो. शपथ मी दुपारी वाहिली होती आणि दिवेलागणीनंतरच्या पहिल्या ताटावर ती मोडली होती. आई होती तोवर मी पालकच खात आलो होतो आणि आई गेल्यावर त्याच पालकासाठी झुरत होतो. मग या घरात पालक सोडला होता तो कोणी? चुडाव्याहून पदरात बी बांधून आणणाऱ्या बाईने. माझी शपथ अखंड पाळणारी व्यक्ती आमच्या घरात एकच होती, आणि ती समोर लसूण सोलीत होती.

एक गोष्ट मात्र मी आजही ठासून सांगतो. आईच्या हाताची चव मी पहिल्या घासाला ओळखली. माझी जीभ खरी निघाली. नाव तेवढे चुकले.

हेच मी तेव्हा मंडळींनाही सांगितले. त्यावर कौसाबाईंनी परडी खाली ठेवली.

“मी काय म्हनत होते? जीभ न्हाई खोटं बोलत.”

पुढचे अर्धे वाक्य त्यांनी मंडळींसमोर उच्चारले नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एवढी भीड उरली, हे थोडे नव्हे.

“विहिरीजवळची जागा दिली म्हनला होताव,” त्या म्हणाल्या.

“मी दिलेला शब्द...” मी सुरुवात केली आणि आसारामकडे पाहून थांबलो. “दिली आहे.”

“तिथं पाइप पडलेत.”

“काढतो.”

“आन अक्का, तुमी संकोच करू नका. आनखी वाढू का?”

“वाढ, कौसे,” अक्का म्हणाली. “ह्यालाबी वाढ. चाकवत हाय म्हनून सांग.”

त्यानंतर झालेला बदल असा. विहिरीजवळ आता पालकाचा वाफा आहे. बी चुडाव्याहून आले. भाजी कधी कौसाबाई करतात, कधी रोहिणी. हिवाळ्यात चाकवतही होतो. त्याविषयी मी काही बोलत नाही, खातो. वाफ्याला पाणी घालण्याचे काम माझ्याकडे आहे. मी ते रोज करतो. बेताने.