खिडकीवरचं कुंकू

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमारास गंगापूर रोडला एक गृहस्थ घरी पेटीतल्या जांभळ्या दिव्याच्या उजेडात मशीनच्या चिपांमधला जुना प्रोग्रॅम पुसून नवा भरून द्यायचे. नाशकात हे काम करणारे तेवढेच एक, म्हणून केवढा तोरा! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आमच्या बंद पडलेल्या मशीनची चिप आणायला गेलो. सकाळपासून दिव्याखाली ठेवूनही ती पुसली जात नव्हती.

"चिपच डुप्लिकेट! तुम्हा लोकांना माल पारखता येत नाही," पेटीवर टिचकी मारत ते म्हणाले.

त्यांच्या बायकोनं चिप उचलली. "अहो, काल पूजेत तुम्हीच हिच्या काचेला कुंकू फासलंत. उजेड आत जाणार कुठून?"

"ते मला माहीत होतं."

चिपेला निदान काचेची खिडकी तरी असते. या डोक्याला कुणी तेवढीही ठेवली नव्हती.